प्रत्येक सदनिकेला पाण्याचे मीटर बसवावे का? (धायरी, पुणे)

धायरीचा_सचिव

नमस्कार. धायरीतील ६४ सदनिकांच्या आमच्या सोसायटीचा मी गेली दोन वर्षे सचिव आहे. हे गाव २०१७ साली महापालिकेत आले. खडकवासला धरण जवळ असूनही आमचा उन्हाळा टँकरवरच जातो. महापालिकेचे पाणी दिवसातून तास-सव्वा तास येते आणि त्यातून साधारण ८,००० लिटर मिळतात. बोअर फेब्रुवारीतच आटली. मार्च महिन्यात रोज पाच याप्रमाणे १५५ टँकर घ्यावे लागले. टँकर १०,००० लिटरचा आणि दर १,१०० रुपये, म्हणजे एकूण १,७०,५०० रुपये झाले. ते ६४ सदनिकांत समान वाटून मेंटेनन्सव्यतिरिक्त प्रत्येकाकडून २,६६४ रुपये घेतले.

गेल्या रविवारच्या सभेत यावरून फार वाद झाला. ११ सदनिका बंद आहेत आणि त्यांच्या मालकांचे म्हणणे असे की, आम्ही तोटीही उघडत नाही तर एवढे पैसे कशाचे? दुसरीकडे, सहा-सात माणसांच्या कुटुंबांना आपल्यावर बोट रोखले जात असल्याचे वाईट वाटले. शेवटी प्रत्येक सदनिकेला मीटर बसवण्याची सूचना आली. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक घरात तीन वेगवेगळ्या पाइपांनी पाणी उतरते. त्यामुळे १९२ मीटर लागतील आणि बसवणुकीसह ४,५०० रुपये प्रत्येकी या दराने खर्च ८,६४,००० रुपये, म्हणजे घरटी १३,५०० रुपये येईल.

एवढा खर्च करून बिल खरोखर कमी होते का? आणि वाटणी अधिक न्याय्य होते का? ज्यांनी हे केले आहे, त्यांचे अनुभव कळवावेत. पुढची सभा पाच आठवड्यांनी आहे.

वाकडची_वसुधा

आम्ही पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत राहतो आणि मीटरप्रमाणे पाणीपट्टी आम्हाला नवी नाही. कुटुंबामागे महिन्याला पहिले ६,००० लिटर विनाशुल्क आणि त्यापुढे वापर वाढेल तसा चढता दर, असा आमच्याकडचा नियम आहे. चार माणसांच्या घरात ६,००० लिटर म्हणजे माणशी दिवसाला ५० लिटर होतात. त्यामुळे पहिल्या टप्प्यात कोणीच बसत नाही, पण बिलाचा भार मात्र हलका होतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. महापालिकेचे मीटर सोसायटीच्या मुख्य जोडावर असते. सदनिकांच्या संख्येने टप्पे गुणून एकच बिल येते आणि आत त्याची वाटणी आम्ही समानच करतो. म्हणजे मीटर असूनही माझ्या घरातील काटकसर माझ्या बिलात दिसत नाही. शिवाय नोव्हेंबर २०१९पासून आमच्याकडे पाणी दिवसाआड येते. वापर कशाने कमी झाला, मीटरमुळे की दिवसाआड पाण्यामुळे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

निवृत्त_अभियंता

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सचिवसाहेब, आपण दिलेल्या आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सोसायटीत राहणारी माणसे एकूण किती आहेत?

धायरीचा_सचिव

साहेब, कालच यादी केली. ५३ सदनिकांत मिळून १९० माणसे राहतात.

निवृत्त_अभियंता

धन्यवाद. टँकरचे ५०,००० आणि महापालिकेचे ८,००० असे दिवसाला ५८,००० लिटर पाणी आपण विकत किंवा नळातून घेता. १९० माणसांनी भागले तर माणशी ३०५ लिटर होतात. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेत माणशी १३५ लिटर आणि महानगरांसाठी १५० लिटर हे प्रमाण धरले आहे. १५०ने हिशेब केला तरी आपली गरज २८,५०० लिटरची आहे. आपण त्याच्या दुपटीहून अधिक पाण्याचे पैसे भरत आहात. पोहण्याचा तलाव किंवा मोठी बाग नसेल, तर एवढे पाणी घरांत वापरले जाणे मला शक्य वाटत नाही. ते घरांपर्यंत पोहोचतच नसावे.

म्हणून माझा सल्ला असा की, १९२ मीटर घेण्याआधी तीनच मीटर घ्या. एक टँकर जिथे रिकामा होतो त्या नळीवर, एक महापालिकेच्या जोडावर आणि एक पंपाच्या पुढे, जिथून पाणी गच्चीवर चढते तिथे. पहिल्या दोन मीटरांची बेरीज आणि तिसऱ्याचा आकडा यांतील फरक म्हणजे तुमच्या भूमिगत टाकीची गळती. मीटर येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. रात्री ११ वाजता पंप बंद करा, टाकीत येणारे सर्व व्हॉल्व्ह बंद करा, पट्टी उभी धरून पाण्याची पातळी नोंदवा आणि पहाटे ५ वाजता पुन्हा नोंदवा. पातळी उतरली असेल, तर टाकीची लांबी, रुंदी आणि उतरलेली उंची यांच्या गुणाकारातून किती लिटर गेले ते कळेल.

आता सदनिकांच्या मीटरांविषयी. तुमचे पाइप शाफ्टमधून उभे उतरतात. बाजारातील पुष्कळ यांत्रिक मीटर आडव्या पाइपवर बसवण्यासाठी बनलेले असतात. ते उभे बसवले, तर मंद प्रवाह मोजण्याची त्यांची अचूकता घटते. आडवे बसवलेल्या अर्ध्या इंची साध्या मीटरलासुद्धा तासाला ३० लिटरपेक्षा कमी प्रवाह नीट मोजता येईलच असे नाही. फ्लशच्या टाकीतून तासाला पाच लिटर झिरपत असतील, तर महिन्याला ३,६०० लिटर होतात, पण मीटरवर त्यांचा मागमूसही राहत नाही. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो आणि ते असा प्रवाह पुष्कळ चांगला पकडते, मात्र ते महाग असते आणि काही वर्षांनी त्याची बॅटरी संपते. ४,५०० रुपयांत आपल्याला कोणते मीटर देऊ केले आहे, हे लेखी विचारा.

आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या जोडावर पाणी येण्यापूर्वी पाइपात हवा भरलेली असते. पाणी सुटताच ती हवा मीटरमधून वेगाने बाहेर पडते आणि काटे फिरवते. पाणी अखंड असेल तर हा प्रश्न उरत नाही, पण तासाभराच्या पुरवठ्यात तो रोज येतो. तिथे मीटरच्या आधी हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि गाळणी बसवून घ्या.

बाणेरचा_वाचक

अत्यंत उपयुक्त धागा आहे. वाचत आहे.

सांजवात

मी कोथरूडला एकटी राहते. आमच्या इमारतीतही पाण्याचा खर्च समान वाटला जातो. शेजारी पाच माणसे आहेत आणि त्यांची दोन वाहने रोज पाइप लावून धुतली जातात. दोघांकडून एकच रक्कम घेतली जाते. मी याविषयी दोनदा पत्र दिले. “मावशी, शंभर-दोनशे रुपयांचा तर प्रश्न आहे,” असे उत्तर मिळाले. ज्यांचे घर निवृत्तिवेतनावर चालते, त्यांना त्या शंभर-दोनशे रुपयांचेही मोल असते. पण मला त्याहून अधिक खटकते ते हे की, मी भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना घालते आणि कपड्यांचे पाणी फरशीसाठी वापरते, याची कुठेच नोंद होत नाही.

१९६१ साली पानशेत फुटले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. खडकवासलाही फुटल्यामुळे नळ कोरडे पडले होते आणि वाड्यातल्या आडाचे पाणी सगळ्यांना पुरवावे लागे. घरटी किती कळशा न्यायच्या हे ठरलेले असे आणि माझी आई आमच्या कळशा मोजून भरत असे. ज्या घरात बाळंतीण होती, त्या घराला दोन कळशा जास्त मिळत. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. मोजमाप असले की जास्त देणेही सोपे जाते, असे मला वाटते.

हिशेबनीस

सांजवात ताई, आपला प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी सोसायट्यांचे लेखापरीक्षण करतो. पाण्याचा खर्च सर्व सदनिकांत समान वाटण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तसे म्हटलेले नाही. सेवाशुल्क समान वाटावे, पण पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची एकूण संख्या आणि त्यांचा आकार यांच्या आधारे लावावा, अशी त्यांत तरतूद आहे. सर्व सदनिका सारख्या असतील तर दोन्हींचे उत्तर एकच येते. पण एकाच इमारतीत एक आणि तीन शयनगृहांची घरे असतील, तर फरक पडतो.

धायरीच्या सोसायटीने पुढे मीटर बसवलेच, तर संपूर्ण खर्च मीटरप्रमाणे वाटू नये. पंपाची वीज, टाक्यांची स्वच्छता, जिन्यांचे धुणे आणि गळती हा सगळ्यांचा खर्च आहे. समजा, मार्चच्या १,७०,५०० रुपयांपैकी ४० टक्के स्थिर भाग धरला, तर तो ६८,२०० रुपये, म्हणजे घरटी सुमारे १,०६६ रुपये होतो. उरलेले १,०२,३०० रुपये वापराप्रमाणे वाटायचे. सर्वांचा माणशी वापर सारखा धरला, तर एकट्या व्यक्तीचे बिल १,६०० रुपयांच्या आसपास, सहा माणसांच्या घराचे ४,३०० रुपयांच्या आसपास आणि बंद घराचे १,०६६ रुपये येईल. आज तिघेही २,६६४ रुपये भरत आहेत.

स्थिर भाग ४० टक्के ठेवायचा की २५, हे सर्वसाधारण सभेने ठरवावे आणि ठराव करून इतिवृत्तात नोंदवावे. कार्यकारिणीने परस्पर ठरवल्यास भांडणे मिटत नाहीत.

आंबेगावचा_भाडेकरू

आमच्याकडे मीटर आहेत. घरमालकाने करारात “पाणी भाडेकरूकडे” असे लिहून घेतले. घरात शिरलो तेव्हाच दोन्ही फ्लशच्या टाक्या झिरपत होत्या आणि त्यांचे बिल चार महिने मी भरले. मीटर बसवताना दुरुस्ती कोणाची आणि बिल कोणाचे, हे भाडेकरारात स्पष्ट लिहिण्याची सूचना सोसायटीने सर्व मालकांना द्यावी.

कसब्यातले_बिऱ्हाड

पेठांमधील स्थितीही विचारात घ्यावी, ही विनंती. आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडे आहेत, माणसे ३४ आणि महापालिकेचा नळजोड एकच. माणशी १०० लिटर, म्हणजे प्रमाणापेक्षा बरेच कमी पाणी वापरले, तरी जोडावर महिन्याला १,०२,००० लिटरची नोंद होईल. चढत्या टप्प्यांचा दर लावताना हा एकच ग्राहक समजला गेला, तर सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागेल. वास्तविक बिऱ्हाडामागे वापर ११,३०० लिटरच होतो. बंगल्यात राहणारे चौघे २५,००० लिटर वापरूनही आमच्यापेक्षा खालच्या टप्प्यात राहतील. वसुधाताईंनी सांगितल्याप्रमाणे टप्पे सदनिकांच्या संख्येने गुणायचे, तर वाड्यातील बिऱ्हाडांची संख्या कोणत्या कागदावर धरणार? आमच्यापैकी चौघांकडे भाडेपावतीही जुन्या नावाची आहे.

या शहराने एके काळी कात्रजहून नळ आणून हौद भरले. हौदावर येणाऱ्याला तुझे घर कोणाच्या नावावर आहे, असे कोणी विचारत नसे. मीटरला माझा विरोध नाही, पण जोड मोजण्याआधी माणसे मोजावीत.

एरंडवणे_४

पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत ८२ टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक जलवाहिन्या आणि तीन लाखांहून अधिक मीटर असा आराखडा आहे. तिच्यासाठी जून २०१७मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले गेले. आमच्या इमारतीच्या जोडावर मीटर बसून काळ लोटला, पण आमची पाणीपट्टी अजूनही मिळकतकराच्या बिलातूनच जाते आणि ती घराच्या करपात्र मूल्यावर ठरते. पाणी किती वापरले याच्याशी तिचा संबंध नाही. जुन्या घराचे मूल्य कमी, म्हणून पाणीपट्टी कमी. नव्या घराचे मूल्य जास्त, म्हणून पाणीपट्टी जास्त, मग त्याला नळाचे पाणी मिळो वा न मिळो.

पाण्याचा_हक्क

माझे मत वेगळे आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. पाण्याचा तुटवडा वापरणाऱ्यामुळे होतो, असे मीटरमध्ये गृहीत धरलेले असते. धायरीच्या सोसायटीने किती पाणी वापरले याची काटेकोर चर्चा आपण करत आहोत. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची क्षमता मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) असताना धरणाच्या शेजारच्या गावाला तासभर पाणी आणि शहराच्या काही भागांना दिवसातून दोन वेळा भरपूर पाणी का, हा प्रश्न मागे पडतो. २०१७ची ११ आणि २०२१ची २३ गावे शहरात आली, मिळकतकर भरू लागली, तरी त्यांतील अनेक ठिकाणी टँकर थांबलेले नाहीत. ज्याला पाणीच अपुरे मिळते, त्याच्या नळाला मीटर लावणे म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातील घास मोजणे होय. पाणी समान द्या, मग मोजा.

कराडकर

‘पाण्याचा हक्क’ यांची भावना मला पटते, पण क्रमाविषयी माझा अनुभव उलट आहे. आमच्या कराडशेजारच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. माझी बहीण तिथे राहते. पूर्वी तिच्या घरी पिंप, घागरी, बादल्या सगळे भरून ठेवलेले असे आणि सकाळी ताजे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाई. आपल्याकडे घरोघरी हेच चालते. चोवीस तास पाणी आल्यावर साठवणे थांबले आणि त्याबरोबर ओतणेही थांबले. मीटर असल्यामुळे तोटी गळू लागली की त्याच दिवशी प्लंबर येतो. जास्त वापरणाऱ्याला चढता दर आहे आणि काटकसरीच्या कुटुंबाचे बिल बेताचे येते. पाणी समान पोहोचते आहे की नाही, हे तरी मोजल्याशिवाय कसे कळणार?

पाण्याचा_हक्क

कराडकर, आपण सांगितलेल्या मलकापुरात आधी किंवा निदान त्याच वेळी चोवीस तास पाणी मिळाले. माझे म्हणणे तेच आहे. शिळे पाणी ओतण्याची सवय बेभरवशाच्या पुरवठ्यातून आली, हेही मान्य. मग दोष सवयीचा की पुरवठ्याचा?

आपला शेवटचा प्रश्न मात्र योग्य आहे. वस्तीच्या मुख्य वाहिनीवर मीटर लावा आणि कोणत्या भागाला माणशी किती लिटर मिळते, ते दर महिन्याला जाहीर करा. त्या मीटरला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दिल्लीहून_परत

मी सात वर्षे दिल्लीत होतो. तिथे २०१५पासून घरगुती मीटरधारकांना महिन्याला २०,००० लिटरपर्यंत शून्य बिल येते, पण ती मर्यादा ओलांडली की संपूर्ण वापराचे बिल लागते. आमच्याकडे पाच माणसे होती. माणशी १३५ लिटरने महिन्याचे २०,२५० होतात, म्हणजे आम्ही कायम काठावर. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पत्नी रोज मीटर पाहत असे आणि पाहुणे येणार म्हटले की तिच्या मनावर ताण येई. सोसायटीने दर ठरवताना अशी एकदम उडी ठेवू नये. टप्पा ओलांडल्यावर फक्त वरच्या पाण्याला वरचा दर लावावा.

धायरीचा_सचिव

उशिरा उत्तर देत आहे, क्षमस्व. निवृत्त अभियंता साहेबांनी सांगितलेली रात्रीची चाचणी आम्ही दोन वेळा केली. भूमिगत टाकी आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. सर्व व्हॉल्व्ह बंद ठेवून रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांत पातळी नऊ सेंटिमीटर उतरली. दुसऱ्या रात्रीही तेवढीच उतरली. म्हणजे सहा तासांत २,८८० लिटर आणि चोवीस तासांत ११,५२० लिटर. रोज एका टँकरहून अधिक पाणी आम्ही जमिनीत सोडत होतो आणि सभेत एकमेकांच्या बादल्या मोजत होतो. हा आकडा फळ्यावर लिहिताना मला फार वाईट वाटले, कारण दोन वर्षे या टाकीची जबाबदारी माझ्याकडे आहे.

टाकी रिकामी करून पाहिली, तेव्हा भिंतीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या भोवतीचे सिमेंट सुटलेले आढळले. दुरुस्ती झाली आहे.

तीन मीटरही बसवले. तिन्हींचा खर्च ३८,००० रुपये आला. टँकरच्या नळीवरील मीटरने दुसरी गोष्ट दाखवली. १०,००० लिटरचा म्हणून घेतलेल्या टँकरमधून आठवडाभराच्या सरासरीने ८,६०० लिटर उतरतात. टँकरवाल्यांशी शांतपणे बोललो. त्यांनी मीटर पाहिले आणि यापुढे हजार लिटरला ११० रुपये या दराने मोजून पैसे घेण्याचे मान्य केले.

हिशेबनीस

मग मार्चमध्ये पाच टँकरांतून ५०,००० नव्हे, तर ४३,००० लिटर मिळाले होते. नळाचे ८,००० धरून ५१,०००, त्यातून गळतीचे ११,५२० वजा केले की घरांकडे ३९,४८० लिटर गेले, माणशी सुमारे २०८. रोज ७,००० लिटरचे पैसे न मिळालेल्या पाण्यासाठी दिले गेले. हा हिशेब पुढच्या सभेच्या नोटिशीसोबत जोडावा. ज्या कुटुंबांवर जास्त वापराचा आरोप झाला, त्यांच्यासाठी ते आवश्यक आहे.

वाकडची_वसुधा

हे वाचून मी आज आमच्या व्यवस्थापकांना पंपापुढे मीटर आहे का, असे विचारले. नाही. महापालिकेचे मीटर आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. टाकीच्या पुढे काय होते, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

सांजवात

सचिवांनी मनाला लावून घेऊ नये. झाकलेल्या टाकीतली गळती दिसत नसते. आपण ती शोधून जाहीरपणे सांगितली, हे महत्त्वाचे आहे. बंद घरांच्या आणि एकट्या राहणाऱ्यांच्या वाटणीचा प्रश्न मात्र तसाच आहे, तो मागे राहू नये.

निवृत्त_अभियंता

सांजवात ताईंशी सहमत आहे, आणि माणशी २०८ हाही आकडा जास्तच आहे. आता घरांतील गळती शोधा. रात्री १ ते ४ या वेळेत पाण्याचा वापर जवळजवळ नसतो. त्या वेळी गच्चीवरच्या प्रत्येक टाकीचा पंपाकडून येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून पातळी किती उतरते ते पाहा. जी टाकी जास्त उतरेल, तिच्याखालच्या घरांत फ्लशच्या टाक्या तपासा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घालून अर्धा तास फ्लश करू नये. शौचाच्या भांड्यात रंग उतरला, तर आतील रबरी वॉशर बदलावा. त्याला फार खर्च येत नाही.

धायरीचा_सचिव

ही चाचणीही झाली. ‘अ’ विंगची पातळी जेमतेम हलली. ‘ब’ विंगच्या टाकीचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आहे आणि ती तीन तासांत चार सेंटिमीटर उतरली, म्हणजे ६०० लिटर. दिवसाचे ४,८०० लिटर होतात. बंद असलेल्या ११ सदनिकांपैकी सात ‘ब’ विंगमध्ये आहेत. त्यांच्या मालकांकडून किल्ल्या मागवल्या, पाच मिळाल्या, आणि त्यांतील तीन घरांत फ्लशच्या टाक्या वाहत होत्या. “आम्ही तोटीही उघडत नाही” असे सभेत म्हणणाऱ्या सदस्यांचे घरही त्यात होते. त्यांनी स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली आणि बंद घरांचे व्हॉल्व्ह शाफ्टमध्येच बंद ठेवावेत, अशी सूचना केली. ती लगेच अमलात आणली.

आज सकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. फ्लशची दुरुस्ती होण्याआधी पंपापुढील मीटरवर दिवसाला सरासरी ३९,८०० लिटरची नोंद होती. नळाचे ८,००० वजा जाता ३१,८०० लिटर टँकरचे. मोजून घेतलेल्या दराने ३० दिवसांचे १,०४,९४० रुपये, घरटी १,६४० रुपये होतात. मार्चपेक्षा हजार रुपयांनी कमी. दुरुस्तीनंतरचे आकडे अजून आठवडाभर घ्यायचे आहेत.

सदनिकांच्या मीटरांविषयी येत्या रविवारी सभेत दोन प्रस्ताव ठेवत आहे. पहिला, १९२ मीटर बसवून ४० टक्के स्थिर आणि ६० टक्के वापराप्रमाणे वाटणी. दुसरा, मीटर न बसवता वर्षभर ४० टक्के घरटी आणि ६० टक्के माणशी वाटणी, ज्यासाठी प्रत्येक कुटुंबाने राहणाऱ्यांची संख्या लेखी द्यायची आणि भाडेकरू बदलला की कळवायचे. माझे मत दुसऱ्याकडे झुकते. वर्षभराने मुख्य मीटरचे आकडे पाहून पहिल्याचा पुन्हा विचार करता येईल.

कसब्यातले_बिऱ्हाड

दुसऱ्या प्रस्तावात लहान मुले पूर्ण माणूस धरणार का? आमच्या वाड्यात विजेच्या मोटारीचा खर्च माणशी वाटताना याच प्रश्नावर दोन महिने अडले होते. शेवटी पाच वर्षांखालील मूल धरायचे नाही, असे ठरले. सभेआधीच यावर बोलून घ्यावे.

धायरीचा_सचिव

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. आज संध्याकाळी लहान मुले असलेल्या घरांशी बोलून घेतो. उरलेल्या दोन बंद घरांच्या किल्ल्या शनिवारी येणार आहेत. तीही घरे तपासून आकडे इथेच लिहितो.